वेशीची कडी

नाहूर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. श्वेता हिस धोंडिरामकाकाचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं. बाळाच्या घरून आलेलं पत्र आणि अक्षर बाळाचं नाही, म्हणजे संपलं सगळं, असं समजून मी ते न फोडताच जिन्यात बसून राहिलो. शेवटी शकुने, म्हणजे तुझ्या काकीने, माझ्या हातातून ओढून घेतलं आणि सगळा मजला ऐकेल इतक्या मोठ्याने वाचलं.

गणपतीत बाळाला, तुझ्या सासऱ्याला, अर्धांगाचा झटका येतो आणि मला नोव्हेंबरात कळतं. पण मी रागावत नाही. त्यानेच बजावलं असणार, धोंड्याला सांगू नका, तो काळजीने माझ्या आधी जाईल. त्यात काही खोटं नाही. जीव वाचला, पाय चालतात, जीभ पूर्वीपेक्षा जास्त चालते, हे वाचून बरं वाटलं. पण उजवा हात पडून आहे. डॉक्टर म्हणतात, आता हलवला तर येईल, नाहीतर कायमचा तसाच राहील. आणि हा बाबा व्यायाम करत नाही. दाबायला दिलेला रबरी चेंडू खिडकीतून फेकतो, तोही डाव्या हाताने.

पोरी, तो हात तू पाहिला नाहीस. भांडुपच्या चाळीत आम्ही शेजारी होतो तेव्हा पाइपलाइनजवळच्या मैदानात बाळा कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की उजव्या हाताचं एक बोट कोणाला तरी लावून परत यायचा, आणि ज्याला लावलं त्याला नंतर कळायचं. मी खेळलो नाही कधी. मला रेषेच्या आत जायची भीती वाटायची. मी बाहेर बसून सगळ्यांचे कपडे आणि चपला सांभाळायचो.

माझी नात संघमित्रा टॅबवर एक खेळ खेळते, त्याचं नाव गढी. त्यात आपण गाव वसवायचं. विहीर, घरं, धान्याचं कोठार, तट, वेस. आणि दुसऱ्या घरून खेळणाऱ्याशी लढाई लागली की आपणच सरदार होऊन मैदानात उतरायचं. डाव्या अंगठ्याने सरदार पळतो आणि उजव्या अंगठ्याने तलवार चालते. हे ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकायचं राहिलं नाही. तुझ्या नवऱ्याला, सुयोगला म्हणावं, त्याच्या टॅबवर हा खेळ घाल आणि बाळापुढे ठेव. बाकी मी बघतो. मला हाताचं काही माहीत नाही असंच मी वागणार.

फोन करत नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, आणि न ऐकलेल्या निम्म्याची मी दिवसभर काळजी करतो. गॅसचा वास येतो का तुमच्याकडे? बघत जा.

तुझा,
धोंडिरामकाका


नाहूर,
२० नोव्हेंबर २०२४

मित्र बाळा यास सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, मी एक गाव वसवलं आहे. हसू नकोस. गढी नावाचा खेळ आहे, संघमित्राने शिकवला. आधी विहीर खणली. तिथे पाण्याला एक बाई येऊन उभी राहिली, तिचं नाव मी सुंदराबाई ठेवलं, कारण आपल्या चाळीच्या नळावर पहिला हंडा नेहमी तिचाच असायचा. मग एकेकाला आपल्या चाळीतलीच नावं दिली. गोविंद शिंपी वेशीवर भाला घेऊन उभा असतो. लक्ष्मण वॉचमन बुरुजावर आहे, आणि तिथेही झोपतो.

तट चांगला उंच बांधला. संघमित्रा म्हणाली, "आजोबा, हे गाव आहे की आर्थर रोड जेल?" मी म्हटलं, असू दे, चोरी झाली तर तू येणार आहेस का?

सुयोगकडेही हा खेळ आहे असं कळलं. तेव्हा तूही गाव वसव. आपल्या चाळीत तू म्हणायचास की धोंड्याच्या घरात मी एका लाथेत शिरेन. तरी मी तुझ्याशी युद्ध पुकारत आहे. तब्येतीस जपून ये.

तुझा,
धोंडिराम


सांताक्रूझ,
३० नोव्हेंबर २०२४

धोंड्या, रामराम.

चष्म्याची काडी तुटली म्हणून श्वेता लिहिते आहे, अक्षर बघून घाबरू नको. तुका घाबराक काय, कारणच लागत नाय.

युद्ध पुकारतोस आणि वर तब्येतीस जपून ये म्हणतोस? मेल्या, असं युद्ध कोणी पुकारलं होतं का आजवर? शत्रूला चहा पण ठेव.

मी गाव वसवलं आहे. माझ्या गावाला तट नाही. नारळाची झाडं लावली, मधोमध मैदान ठेवलं आणि उरलेल्या जागेत माणसं. सुयोग म्हणतो, बाबा, तट नसेल तर मराल. मी म्हटलं, जो येईल त्याला येऊ दे, इमारतीत तसंही कोणी येत नाही. वरून विमान तेवढं जातं.

रविवारी तुझ्यावर चालून आलो. माझा सरदार बघितलास ना, घोड्यासारखा पळतो. तुझ्या तटाला प्रदक्षिणा घातल्या, वडाला बायका घालतात तशा. तलवार काढली नाही, कारण गोविंद शिंप्याला बघून दया आली. त्याने माझ्या लग्नाचा कोट शिवला होता, एक बाही आखूड.

पुढच्या खेपेला दया येणार नाही.

बाळा

(काका, सरदार पळतो तो डाव्या अंगठ्याने. उजवा हात मांडीवरच असतो. पण रविवारी त्यांनी तो उचलून टॅबच्या कडेवर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. – श्वेता)


नाहूर,
१९ डिसेंबर २०२४

मित्र बाळा यास जयभीम.

हे तू चांगलं केलं नाहीस. काल दुपारी तू आलास, सरळ वेशीवर आलास, आणि गोविंद शिंप्याला कापलंस. एका घावात. मी डोळ्यांनी बघितलं. तलवार वर गेली आणि खाली आली. वर गेली, बाळा, आणि खाली आली.

मी फार रागावलो आहे. मी इतका रागावलो की काल दोनदा भात घेतला, आणि शकु म्हणाली, "गावात माणूस मेलं आणि तुम्ही गुणगुणताय काय?"

मग मात्र मला खरंच वाईट वाटलं. गोविंदाचं घर विहिरीपाशी होतं. त्याचा दिवा खेळात विझला तो पुन्हा लागला नाही. संघमित्रा म्हणते, "अहो आजोबा, तो खरा नाहीये ना." मला कळतं ते. पण दिवा विझलेला दिसतो त्याचं काय?

म्हणून मी तटावर मोठी घंटा बसवली आहे. ती वाजवली की शेतातली, विहिरीवरची, वेशीवरची सगळी माणसं आत येतात आणि दरवाजा लागतो. मी आता वेस उघडी ठेवणार नाही. घराचीही कडी मी रात्री तीनदा बघतो, हे तुला माहीत आहे. तरी तू येत राहा. थांबू नकोस. वरचेवर ये.

तुझा शत्रू,
धोंडिराम


सांताक्रूझ,
६ जानेवारी २०२५

धोंड्या,

शिरा पडो तुझ्या त्या घंटेर!

आज चालून आलो, घंटा. काल आलो, घंटा. मी वेशीपर्यंत पोचेतो गावात चिटपाखरू नसतं. बाहेर मी एकटा, हातात नंगी तलवार. मी काय भिंतीशी बोलू? सुंदराबाई तेवढी तटावरून हंडा घेऊन बघत असते.

आता ऐक. चष्म्याची काडी तुटलेली नाही. हात गेला आहे माझा. आणि ते तुका म्हायत आसा. मी आजारी पडलो, पागल झालो नाही. "तलवार वर गेली आणि खाली आली, बाळा", असं कोणी शत्रूला लिहितो? आनंदाने रडत लिहिलंस ते पत्र. श्वेताने वाचून दाखवताना ती पण रडली, म्हणजे कट दोघांचा.

राग नाही. पहिले काही दिवस मजा आली. उजवा अंगठा त्या बटणावर ठेवायला मला आठवडा लागला, मग दाबायला, मग हवा तेव्हा दाबायला. तलवार उठली तेव्हा मी घरात ओरडलो, शेजारचा शर्मा धावत आला. पण धोंड्या, भिंतीवर तलवार आपटून हात येत नाही. समोर माणूस लागतो. कबड्डीत पलीकडे कोणी नसेल तर चढाई कसली? मैदानात नुसतं फिरून आलो की त्याला चढाई म्हणत नाहीत.

मी टॅब कपाटावर ठेवला आहे. खेळ बंद. चेंडू पण बंद.

चालू करायचा असेल तर एकच रस्ता. सैन्य आत राहू दे, पण तू स्वतः बाहेर ये. तुझा सरदार आणि माझा सरदार. आणि मुद्दाम हरलास तर मला कळेल. तुझं घाबरून पळणं मी इतकी वर्षं बघतो आहे, ते खरं कोणतं आणि नाटक कोणतं ते माका बरोबर समजता. मुद्दाम हरलास तर पुन्हा पत्र लिहू नको.

जन्मभर चपला सांभाळल्यास. आता तरी रेषेच्या आत ये.

बाळा

(काका, टॅब खरंच कपाटावर आहे. त्यांनी तो उजव्या हाताने ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा सुयोगला ठेवायला लावला. जेवतात, झोपतात, कोणाशी बोलत नाहीत. काय ते लवकर करा. – श्वेता)


नाहूर,
१४ जानेवारी २०२५

मित्र बाळा यास,

तुझं पत्र आल्यापासून मी घरात येरझारा घालतो आहे. शकुने ओवा दिला. ओव्याने जाणारं हे दुखणं नव्हे.

मी सगळीकडून विचार केला. मी खरं लढून जिंकलो तर तू पुन्हा टॅब कपाटावर ठेवशील. मुद्दाम हरलो तर तुला कळेल आणि मैत्री जाईल. खरं लढून हरलो तर बरं, पण ते माझ्या हातात नाही, आणि जे माझ्या हातात नाही त्याची मला सगळ्यात जास्त काळजी.

संघमित्राला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदाही तलवार चालवलेली नाही. तुम्ही जिंकाल याचं टेन्शन घेताय? झकास!" आणि हसत सुटली. शकुही हसली. मलाही मग थोडं हसू आलं, पण काळजी गेली नाही.

मग तिने शिकवलं. आधी मी सरदार बाहेर काढला आणि त्याला विहिरीत पाडलं. दुसऱ्या दिवशी कोंबडी मारली. ती सुंदराबाईची निघाली. आता सरळ चालतो, वळतो, ढाल धरतो. ढाल मला चांगली जमते. संघमित्रा म्हणते, "ढाल खाली पण ठेवावी लागते कधीतरी."

तर ठरलं. २६ जानेवारीला आमच्या सोसायटीत झेंडावंदन असतं, ते झालं की घरी येऊन मी बसेन. घंटा वाजवणार नाही. मी बाहेर येतो.

येणार ना तू? लगेच कळव. किंवा नको कळवूस, त्या दिवशी मैदानात दिस.

धोंडिराम


नाहूर,
२७ जानेवारी २०२५

मित्र बाळा यास,

तुझ्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक. माझ्या बाजूचं ऐक.

झेंडावंदनाला माझं लक्ष नव्हतं. राष्ट्रगीत संपल्यावरही मी सावधानमध्येच उभा होतो, सेक्रेटरी म्हणाला, "काका, झालं, चला." घरी आलो. संघमित्राने टॅब उशीवर टेकवून दिला. शकु भाजी निवडायला म्हणून शेजारी बसली, पण तिने एक शेंग निवडली नाही.

मैदान रिकामं होतं. मला वाटलं तू येत नाहीस. मग नारळाच्या बाजूने तुझा सरदार चालत आला. धावत नाही, चालत. चढाईला जायचास तसा. संघमित्रा म्हणाली, "आजोबा, जा ना!" मी वेशीचा दरवाजा उघडला आणि बाहेर पडलो.

बाळा, बाहेर किती जागा आहे! तटाच्या आतून ती कधी दिसलीच नाही.

तू पहिला वार केलास, मी ढालीवर घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मला काय झालं मला माहीत नाही, मी ढाल खाली केली आणि मारलं. लागलं! तुझा सरदार दोन पावलं मागे गेला. आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही, शकु अजून त्यावरून बोलते. मी तुला पार त्या शेताच्या बांधापर्यंत रेटत नेलं. खरं सांगतो, त्या वेळी मी तुझा हात विसरलो. तुझं दुखणं विसरलो. गॅस, पाणी, कानातलं मशीन, सगळं विसरलो. मला फक्त तुला हरवायचं होतं. त्याची मला आज लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

बांधापाशी तुझी तलवार थांबली. उचलली जाईना. मला कळलं, हात अडला. संघमित्राने माझ्या खांद्याला हात लावला. मी थांबलो नाही, बाळा. तू म्हणाला होतास मुद्दाम हरू नको. मी शेवटचा घाव घालायला तलवार उचलली, आणि तू खालून, डावीकडून नाही, उजवीकडून, तो एक वार केलास. बोट लावून परत यायचास, अगदी तसा. मला लागल्याचं मला नंतर कळलं.

माझा सरदार पडला. तरी मी म्हटलं, गाव आहे, तट आहे, भीती नाही. आणि संघमित्रा किंचाळली, "आजोबा, वेस!"

मी वेस उघडीच ठेवून बाहेर आलो होतो. कडी लावली नव्हती. मी! घराची कडी तीनदा बघणारा मी, लढाईच्या भरात दरवाजा सताड उघडा टाकून बांधापर्यंत गेलो. तुझी सगळी माणसं नारळांतून निघाली आणि सरळ आत. लक्ष्मण वॉचमन झोपलेलाच होता. कोठारावर तुझं निशाण चढलं. सुंदराबाईने तुझ्या शिपायांना पाणी पाजलं, ती कोणाचीच नाही.

"वाट लागली," संघमित्रा म्हणाली. मी उठलो, पायात चपला घातल्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणले. सगळ्या मजल्यावर वाटले. जो तो विचारी, "काय झालं काका, नातीला नोकरी लागली?" मी सांगत होतो, "माझी गढी पडली!" दोघा-तिघांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मी मुद्दाम हरलो नाही. तुला कळलं असेलच. तरी सांगतो.

धोंडिराम

ता. क. हाताला रग लागली असेल. गरम पाण्याने शेक. आणि पाणी आधी डाव्या हाताने तपासून घे.


पोस्टकार्ड
सांताक्रूझ, ४ फेब्रुवारी २०२५

धोंड्या
शरण ये
बाळा


नाहूर,
८ फेब्रुवारी २०२५

मित्र बाळा यास सप्रेम जयभीम.

कार्ड मिळालं. पोस्टमनने दारातच दिलं आणि विचारलं, "काका, लहान मुलाने लिहिलंय का?" मी म्हटलं, माझ्या शत्रूने लिहिलं आहे, नीट धर.

पत्ता श्वेताचा आहे, तो मी ओळखला. पण मागच्या बाजूच्या त्या तीन ओळी कोणाच्या आणि कोणत्या हाताच्या ते मला कोणी सांगायला नको. 'धोंड्या' चढावर गेला आहे आणि 'शरण' कडेवरून खाली पडता पडता राहिला आहे. तुझ्या नावाखाली पेन इतकं दाबलं आहेस की दुसऱ्या बाजूला बोट फिरवलं तर लागतं. मी बराच वेळ बोट फिरवत होतो. मग शकुने फिरवलं. मग संघमित्राने कार्डाचा फोटो काढला आणि कार्ड मला परत द्यायला टाळाटाळ करू लागली. शेवटी ते टीव्हीच्या वर टेकवून ठेवलं आहे. येणारा-जाणारा बघतो. मी सांगतो, हा माझ्यावर आलेला खलिता आहे.

आता माझं उत्तर.

गाव तू घेतलंस ते घेतलंस. मी ओढ्याच्या पलीकडे नवीन विहीर खणली आहे. सुंदराबाई तुझ्याकडून पळून परत आली, तुझ्या गावच्या पाण्याला चव नाही म्हणते. या खेपेला मी तट बांधला नाही. संघमित्राने दोनदा विचारलं, "आजोबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?" मला बरं वाटतं आहे. मधोमध मैदान ठेवलं आहे, तुझ्यासारखं. फक्त एक वेस बांधली, कारण वेशीशिवाय मला झोप येणार नाही. घराची कडी मी अजून तीनदा बघतो, ते काही सुटायचं नाही.

रविवारी दुपारी ये. डोक्याला काही बांधून ये, ऊन असतं. चेंडू सोडू नकोस.

शरण येत नाही. वेस उघडी आहे.

तुझा शत्रू,
धोंडिराम